काखेचा कीबोर्ड

नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या माणसाने यंत्रांच्या नादी लागू नये, असं माझी बायको नायरी हिचं मत आहे. तिने हे मत प्रथम मांडलं तेव्हा मी पोटमाळ्यावर पंखा बसवत होतो. पंखा आजही फिरतो. उलटा फिरतो, पण फिरतो. तेव्हा हूहाना आंटींसाठी मी स्वतः कीबोर्ड बनवीन, अशी घोषणा मी रविवारच्या जेवणात केली, ती काही हवेत केली नव्हती. पाठीशी अनुभव होता.

हूहाना आंटी म्हणजे नायरीची मावशी. नायरीला त्यांनीच वाढवलं. वय चौऱ्याऐंशी. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, आणि त्यांच्या हातून गेलेल्या कागदात एकही चूक नसे, असं त्या स्वतःच सांगतात. आता बोटांचे सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झालेत. पेन धरवत नाही. आणि त्यांच्या डोक्यात एक ओरिओरी आहे.

ओरिओरी म्हणजे आमच्याकडची अंगाई, पण बाळाला झोपवण्यापेक्षा जागं करणारी. तू कोण, कुणाची, कुठल्या नदीची, तुझ्या आधी कोण कोण होऊन गेलं, हे सगळं बाळाला पहिल्याच आठवड्यात ऐकवून टाकायचं. आंटींच्या आईने रचलेली ही ओरिओरी घरातल्या प्रत्येक बाळाला ऐकवली गेली. पूर्ण आता फक्त आंटींना येते. आणि आमची मुलगी तेरीना समुद्रापलीकडे पर्थला बाळंत व्हायची होती. डॉक्टरने तारीख दिली होती जूनच्या शेवटची.

“तेरीनाला म्हणायला शिकवायला हवी,” आंटी म्हणाल्या. “पण तोंडी नाही. लिहून.”

तोंडी करून पाहिली होती. फोनवर आवाज भरून घ्यायला गेलो तर आंटींचा श्वास मध्येच संपतो आणि शब्द अर्ध्यावर तुटतो. आमच्या बेटांवरच्या जुन्या भाषेत स्वर किती लांबवायचा त्यावर सगळं अवलंबून. केके म्हणजे केक. तेच दोन्ही स्वर लांबवले, केऽकेऽ, की झाली काख. ही भाषा आम्ही रोमन अक्षरांत लिहितो, आणि लांब स्वराच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची. एका रेघेच्या अंतरावर माणूस खाण्यावरून बगलेत पोचतो.

“माझा श्वास आता रेघेपर्यंत पुरत नाही,” आंटी म्हणाल्या, अगदी साधेपणाने, मीठ संपलंय म्हणावं तसं. मला ते फार लागलं.

मी लिहून घ्यायला बसलो. पहिल्या कडव्यात अकरा रेघा चुकवल्या. आंटींनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “पोरा, तू कुत्र्यांची नावं तरी नीट लिहितोस ना?” लॅपटॉपवर त्यांना स्वतःला बसवलं, तर तिथे रेघेसाठी एक कळ दाबून मग दुसरी दाबायची असते. ती पहिली कळ पार कोपऱ्यात. त्यांची करंगळी तिथे जाईना. चौथ्या ओळीला त्यांनी झाकण मिटलं.

म्हणून घोषणा. मी वाचलं होतं की हल्ली लोक हौसेने आपला कीबोर्ड आपणच जोडतात. कळा मऊ घेता येतात, मोठ्या घेता येतात, दोन तुकड्यांत विभागून दोन्ही हातांखाली सोयीने ठेवता येतात. आत बोटाच्या पेराएवढी एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर, आणि तिच्यात आपल्याला हवं ते फर्मवेअर भरायचं. फर्मवेअर म्हणजे कीबोर्डच्या डोक्यात भरायची अक्कल. कुठली कळ दाबली की काय उमटायचं ते आपण ठरवायचं. एका कळीत रेघेसकट स्वर बसवणं म्हणजे काहीच नाही, असं तिथे लिहिलं होतं. हे लिहिणाऱ्या माणसाला मी आजही शोधतोय.

सामान परदेशातून मागवलं. कळा, सर्किटच्या पट्ट्या, दोन चिपा, आणि मनगट टेकायला एक गुळगुळीत लाकडी पट्टी. त्या पट्टीने घात केला. आमच्या देशात बाहेरून येणाऱ्या लाकडाकडे सीमेवरची माणसं फार बारकाईने बघतात, आणि बघावंच. पण मला आलेल्या अर्जात प्रश्न होता: वस्तूत झाडाचा अंश आहे काय? साल, माती, बिया? आता मी स्वतः टेबलावर बसणारा माणूस. खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही. मी प्रामाणिकपणे लिहिलं, “खात्री नाही.”

पार्सल तपासणीत गेलं. मी फोन केला. पलीकडे एक अत्यंत गोड आवाजाची बाई होती.

“साहेब, तुम्ही ‘खात्री नाही’ लिहिलंय.”

“हो, कारण खात्री नव्हती.”

“मग आम्हाला करून घ्यावी लागेल.”

कुत्र्याच्या जातीच्या रकान्यात “खात्री नाही” लिहिणाऱ्या दोनशे तरी लोकांचे अर्ज मी अशाच गोड आवाजात परत पाठवलेत. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी ऑफिसात तीन संकरित कुत्री एका शब्दाने न बोलता पास केली.

पार्सल आलं त्या सकाळी शेजारचा डेस कुंपणावरून फेजोआंची बादली घेऊन आला. दर मोसमात तो बादलीभर फळं आणतो, आम्ही आमची बादलीभर त्याला देतो, आणि दोघांनाही फेजोआ नको असतात. डेसने आयुष्यभर मेंढ्यांच्या कुरणांना विजेची कुंपणं घातली. जगातल्या कुठल्याही तारेबद्दल त्याचं मत ठरलेलं असतं.

“अर्थिंग केलंयस?” बादली ठेवायच्या आधीच त्याने विचारलं.

“डेस, हा कीबोर्ड आहे.”

“गड्या, अर्थिंगशिवाय काही चालत नाही. म्हातारीला झटका बसेल.”

आंटी खिडकीत बसून मटार सोलत होत्या. “म्हातारी ऐकतेय, डेस,” त्या म्हणाल्या, आणि डेस बादलीतली फळं मोजायला लागला.

जोडकाम मी चांगलं केलं, हे मला नमूद करायचं आहे. डाग देताना एकदाच बोट भाजलं आणि टेबलक्लॉथला एकच भोक पडलं, त्यावर आता फुलदाणी असते. फक्त दोन्ही चिपा उलट्या बसल्या. उलट्या बसल्याने काम बिघडत नाही, पण चिपेवर एक बारीक बटण असतं, अक्कल भरायच्या वेळी ते दाबायचं असतं, आणि ते बटण आता खाली गेलं होतं, सर्किटची पट्टी आणि चिप यांच्या मधल्या फटीत, जिथे मुंगीही आडवी होऊन जाईल. यावर उपाय आहे. चिपेच्या कडेचे दोन ठरावीक पाय धातूच्या कशानेतरी क्षणभर एकमेकांना टेकवले की बटण दाबल्यासारखं होतं. मी नायरीचा भुवया कोरायचा चिमटा घेतला. तो आजतागायत तिला परत मिळालेला नाही, आणि या एका बाबतीत तिचं म्हणणं रास्त आहे.

चिमटा टेकवला की संगणकावर चिपेच्या नावाची एक नवी पेटी उघडायला हवी. त्या पेटीत फर्मवेअरची फाइल टाकायची, झालं. मी टेकवलं. पेटी उघडली नाही. पुन्हा टेकवलं. शनिवार असा गेला. रविवारी मी दुसरी चिप घेतली, तिसरा संगणक घेतला, चौथ्यांदा सूचना वाचल्या. सोमवारी ऑफिसात एक बाई दोन टेरियर घेऊन आली, तर मी तिला विचारलं की हे उघडतात का.

मंगळवारी डेस आला. “केबल चालतेय ना माझी?”

केबल त्याने दिली होती. माझ्याकडची आखूड पडत होती म्हणून.

“कशाची आहे ही?”

“दाढीच्या मशीनची,” डेस अभिमानाने म्हणाला. “सात वर्षं झाली.”

दाढीच्या मशीनच्या केबलमधून फक्त वीज जाते, बोलणं जात नाही. चार दिवस मी एका बहिऱ्या केबलमधून चिपेला हाका मारत होतो. आतून दुसरी केबल आणली, चिमटा टेकवला, आणि पेटी टपकन उघडली. मी फाइल आत टाकली. टाकताच पेटी नाहीशी झाली.

“उडाली,” मी म्हणालो.

“अर्थिंग,” डेस म्हणाला.

मी पुन्हा उघडली, पुन्हा टाकली, पुन्हा नाहीशी. असं नऊ वेळा केलं. दहाव्या वेळी नायरी चहा घेऊन आली आणि उघड्या सूचना उभ्या उभ्या वाचून म्हणाली, “इथे लिहिलंय, पेटी नाहीशी झाली म्हणजे काम झालं.” म्हणजे मी नऊ वेळा यशस्वी झालो होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं असेल असंही नाही.

दोन्ही तुकड्यांत फर्मवेअर भरून मी आंटींना टेबलाशी बसवलं. कीबोर्ड देखणा झाला होता. आंटींनी कळांवरून हात फिरवला. बऱ्याच वर्षांनी हात घरी आल्यासारखे दिसले. मग त्यांनी ताठ बसून, पडद्याकडे न बघता, आपलं नाव टाईप केलं.

पडद्यावर उमटलं: ग्रगाबा. त्यातही ‘र’ एक नव्हे, लागोपाठ दोन.

“ही कोण बाई?” आंटींनी विचारलं.

मी डाव्या तुकड्याचं फर्मवेअर उजव्यातही भरलं होतं. त्यामुळे उजव्या हाताची बोटं आरशात बघितल्यासारखी डाव्या हाताची अक्षरं काढत होती. आंटींच्या नावातली बहुतेक अक्षरं उजव्या बाजूची, तेव्हा त्या बिचाऱ्या पार ग्रगाबा झाल्या. त्या दिवसापासून आंटी माझ्यावर रागावल्या की फोनवर “ग्रगाबा बोलतेय” म्हणतात. चिमटा, पेटी, फाइल, उजवं फर्मवेअर उजवीकडे. आता नाव बरोबर आलं. फक्त ‘ऊ’च्या जागी दोन ‘उ’ आले, शेजारी शेजारी.

इथे मला माझ्या हुशारीबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. या छंदात एक प्रसिद्ध रोग आहे. कळ एकदा दाबली की थरथरते आणि अक्षर दोनदा उमटतं. मी लगेच ओळखलं. आंटी टाईप करत राहिल्या, आणि मी मागे उभा राहून मोजत गेलो: इथे दोन अ, तिथे दोन ए, पुन्हा दोन अ. “कळा वाईट निघाल्या,” मी निदान केलं. विकणाऱ्याला कडक पत्र लिहिलं. त्याचं फार नम्र उत्तर आलं की सहसा असं होत नाही, आणि होतं ते सगळ्या कळांना होतं, फक्त स्वरांना नाही. या शेवटच्या वाक्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी त्या माणसाला उद्धट ठरवलं आणि फर्मवेअरमध्ये एक गाळणी बसवली. तेच अक्षर लागोपाठ दोनदा आलं की दुसरं गिळून टाकायचं.

आणि रेघेसाठी मी माझी अभिमानाची योजना केली. स्वराची कळ टिचकीसारखी दाबली तर आखूड स्वर, जरा दाबून धरली तर रेघेसकट लांब स्वर. बोलताना लांबवतो, तसं बोट लांबवायचं. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटली. मी ती नायरीला दोनदा सांगितली.

आंटींनी पहिला निरोप टाईप केला तो त्यांच्या मैत्रिणींना, आठ बायकांच्या गटाला. शनिवारी दुपारी चहाला या, ताजा केक आहे, घरचाच. मीच तो घाईघाईने पाठवूनही दिला, कारण मला माझा कीबोर्ड कामाला लागलेला बघायचा होता. पण सुजलेलं बोट खाली जातं ते लवकर वर येत नाही. माझ्या फर्मवेअरला वाटलं, आंटी लांबवताहेत.

शनिवारी आठच्या आठ बायका आल्या. एकीने बशीत छान रुमाल घालून त्यावर अंगाला लावायच्या सुगंधी पावडरचा डबा आणला होता. मोएरंगी नावाची त्यांच्यातली सगळ्यांत जुनी मैत्रीण दारातच म्हणाली, “हूहाना, निरोप मिळाला. ताजी काख आहे म्हणालीस, आणि घरचीच, म्हणून धावत आले. कुणाची आहे?”

आंटींनी माझ्याकडे बोट केलं. “याची.”

आठ बायका दोन तास हसत होत्या. केक वाढायचा तो मीच वाढला, आणि प्रत्येकीने हात वर करून घेतला. मी म्हटलं, एवढं कुठे लागतंय, माणसाने हसण्यावारी न्यावं. पण रात्रीच्या जेवणाला मला भूक नव्हती.

मी दाबून धरण्याचा वेळ वाढवला. मग सगळे स्वर आखूड झाले. कमी केला, सगळे लांब. आंटींची बोटं सकाळी ताठ, दुपारी सैल, पावसात वेगळीच. त्यांच्या बोटांना बसेल असा आकडाच सापडेना. त्या दर वेळी मुकाट्याने बसायच्या, पहिलं कडवं टाईप करायच्या, पडदा बघायच्या.

“पोरा, हे माझे शब्द खातंय,” त्या एकदा म्हणाल्या.

“खात नाहीये आंटी, गाळतंय. कळांचा रोग आहे. मी बंदोबस्त केलाय.”

“मी टाकते ते येत नाही.”

“तुम्ही दाबून धरत नाही ना, म्हणून.”

त्यांनी बशा पुसायचा फडका आणला, कीबोर्डवर नीट चारी बाजूंनी पसरला आणि म्हणाल्या, “राहू दे. बाळ मोठं झालं की मी जाईन पर्थला.” चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बसमध्येही दम लागणाऱ्या बाईने हे म्हणावं आणि मी ते ऐकून घ्यावं, याची मला लाज वाटली. मी फडका उचलला नाही.

बाळ दोन आठवडे आधी आलं. मुलगी. तेरीनाचा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही त्या छोट्या पडद्यावर कपाळं टेकवून उभे होतो. बाळाने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं आणि परत मिटला. आंटी पडद्यावर बोट फिरवत राहिल्या, त्यामुळे फोन दोनदा बंद पडला.

“पापा, ओरिओरी कधी पाठवताय?” तेरीनाने विचारलं. “पहिल्या आठवड्यात म्हणायची असते ना. मला फक्त पहिल्या दोन ओळी येतात. त्याच त्याच म्हणतेय मी तिला.”

“येईल,” मी म्हणालो. “थोडं तांत्रिक काम राहिलंय.”

मागे नायरीने घसा साफ केला.

दुसऱ्या दिवशी नायरी बाळाला पाठवायला लोकरीचं पांघरूण काढत होती. हे पांघरूण तिचं स्वतःचं, आंटींनी विणलेलं. ट्रंकेतून ते निघालं, आणि घडीतून एक पिवळा पडलेला कागद खाली पडला. नायरी मुलींच्या वसतिगृहात होती तेव्हा आंटींनी कचेरीच्या मशीनवर लिहिलेलं पत्र. मी उचलून वाचू लागलो. नीट जेव, मोजे ओले घालू नकोस, सुट्टीत मोएरंगीची गाडी येईल. आणि सगळीकडे दोन दोन स्वर. दोन अ, दोन ए, दोन उ.

“बघ,” मी म्हणालो, “तेव्हाच्या मशीनलाही हाच रोग होता.”

नायरीने पांघरूण खाली ठेवलं. मला एकदम कळलं की मी काहीतरी फार मोठं बोललोय.

“हायमोना,” ती म्हणाली, “तो रोग नाही. ती आंटी आहे.”

“म्हणजे?”

“टाईपरायटरवर रेघ नसायची. मग लांब स्वर दोनदा मारायचा. कचेरीत सगळ्या बायका तसंच मारायच्या. आमच्या नदीकाठी अजून किती लोक तसंच लिहितात. तू रोज ऑफिसला जातोस त्या रस्त्याच्या पाटीवर काय आहे?”

पाटीवर दोन अ आहेत. बावीस वर्षं मी त्या पाटीखालून जातोय. मी पूर्व किनाऱ्याचा, आमच्या शाळेत रेघ शिकवली, आणि या पाटीबद्दल माझं आजवरचं मत एवढंच होतं की रंगवणाऱ्याचा हात थरथरला असावा.

म्हणजे आंटींनी पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर टाईप केलं होतं. ग्रगाबामधला तो दुसरा र, म्हणजे आरशातला दुसरा उ, तोही बरोबर होता. एकतीस वर्षं एकही चूक न केलेल्या बाईच्या बरोबर अक्षरांवर मी गाळणी बसवली, आणि वर तिलाच सांगितलं की तू दाबून धरत नाहीस. मी तिथेच ट्रंकेवर बसलो. नायरी शेजारी बसली. तिने चिमट्याचा विषय काढला नाही, यावरून माझी अवस्था काय झाली असेल ते समजा.

मग मी उठलो. गाळणी काढली. दाबून धरायची ती सुंदर योजनाही काढली. नवं फर्मवेअर अगदी साधं: स्वर दोनदा मारला की दोन स्वरांच्या जागी रेघेसकट एक स्वर उमटायचा. चिमटा टेकवला, पेटी उघडली, फाइल टाकली, पेटी नाहीशी झाली. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. कुंपणावरून डेस बघत होता. त्याने अर्थिंगबद्दल विचारलं नाही, म्हणजे गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती.

आंटींच्या खोलीत जाऊन मी कीबोर्डवरचा फडका काढला. “आंटी,” मी म्हणालो, “चूक माझी होती. तुमचे शब्द मीच खात होतो.”

“माहीत आहे,” आंटी म्हणाल्या.

“मग सांगितलं का नाहीत?”

“दोनदा सांगितलं. तू गाळत होतास.”

त्यांनी खुर्ची ओढली. मी म्हणालो की हवं तर रेघ नको, तुमच्यासारखेच दोन स्वर ठेवू. त्यांनी मान हलवली. “तेरीना शाळेत रेघ शिकली. तिला रेघ दे. मला माझ्या दोन टिचक्या दे.” आणि त्यांनी आपलं नाव टाईप केलं. पडद्यावर हूहाना आली, डोक्यावर रेघ घेऊन. आंटींनी चष्मा पुसला. मग पुन्हा तेच नाव टाईप केलं, आणि पुन्हा, उगीचच, चार वेळा.

ओरिओरीला पूर्ण दुपार लागली. त्या पुटपुटत, गुणगुणत टाईप करत होत्या. श्वास संपला की थांबायच्या, चहाचा घोट घ्यायच्या, पण बोटं थांबली तरी शब्द तुटत नव्हता, पडद्यावर तसाच त्यांची वाट बघत असायचा. लांब स्वर आला की टक टक. मी दाराबाहेर बसून ते ऐकत होतो. मला अर्धे शब्द ठाऊक नव्हते, पण कुठे लांबवायचं ते आता भिंतीपलीकडूनही कळत होतं. एवढ्या वर्षांत मला कुठल्याही यंत्राचा आवाज इतका आवडला नव्हता, आणि यात पोटमाळ्यावरचा पंखाही आला.

शेवटी आंटींनी हाक मारली. “तुझं नाव घालायचंय. बाळाचा आजोबा आहेस. नायरीच्या वेळी आईने माझ्या बापाचं घातलं होतं, प्रत्येक बाळाला एक ओळ वाढते.” मी छाती भरून घेतली. नदी, डोंगर, पूर्वज ज्यांतून आले त्या होड्या, आणि त्यांच्या रांगेत हायमोना. मी विचारलं, काय लिहिताय? त्या म्हणाल्या, बाहेर बस.

मी बाहेर बसलो आणि टिचक्या मोजल्या. एक टक, मग टक टक. पुन्हा एक टक, पुन्हा टक टक.

मी आत जाऊन पडदा बघितला. “आंटी, काहीतरी राहिलंय वाटतं फर्मवेअरमध्ये. केकचं काय लिहिलंत?”

“केकचं काही लिहिलं नाही.”

“मग हे केऽकेऽ आलंय. माझ्या नावापुढे. काख.”

“मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते,” हूहाना आंटी म्हणाल्या.

मजकूर ई-मेलने पर्थला गेला. संध्याकाळी तेरीनाने फोन लावला आणि छापलेला कागद समोर धरून म्हणायला लागली, अडखळत, पण प्रत्येक रेघ जागच्या जागी. आंटी डोळे मिटून ऐकत होत्या, मांडीवर दोन बोटांनी टिचक्या मारत. माझी ओळ आली तेव्हा तेरीना हसली आणि मग तिला पुढे म्हणवेना. मला आता अर्थ कळला. आणि तुझा आजोबा हायमोना, समुद्रापलीकडून येतोय, त्याच्या काखेत तुझी जागा आहे.

“लहान बाळ झोपतं तरी कुठे?” आंटी मला म्हणाल्या. “केकमध्ये?”

“पापा, कधी येताय?” तेरीनाने विचारलं.

मी म्हणालो, विमानाच्या तिकिटाचा अर्ज भरायचाय. त्यात काही विचारलं तर या वेळी “खात्री नाही” लिहिणार नाही.